सत्तावीस नंबरचं पाकीट

१८ नोव्हेंबर
ठरलं! शुक्रवारी डोळा. उजवाच — दुसरा आहे कुठे? डावा चौथीत विटी लागून गेला. उरलेल्यात मोतीबिंदू. अक्षर ओळीवर बसत नाही. न बसू दे.

बोईसरच्या दवाखान्यात भूल देणाऱ्या उन्नती डॉक्टर म्हणाल्या, "सर, आमचा अभ्यास चालू आहे. निम्म्यांना डोळ्याच्या बाजूला नेहमीचं भुलीचं इंजेक्शन, निम्म्यांना त्यातच आणखी एक औषध मिसळून. भूल जास्त टिकते का बघायचंय. कोणाला काय, ते बंद पाकिटात." माझा नंबर सत्तावीस. सही ठोकली! एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, प्रयोगाला नाही कसं म्हणू?

१९ नोव्हेंबर
शेजारचा पुंडलिक येऊन गेला. "सर, माजी भूल अर्ध्यातच उतरली होती. डोळा हलला असता तर संपलंच होतं!" धीर द्यायला आला होता म्हणे.

जेवण गेलं नाही. आंधळा झालो तर? मला औषध मिसळलेलंच इंजेक्शन पाहिजे.

२० नोव्हेंबर
दवाखान्यातली नर्स मेघाली — घिवली गावची, माझीच विद्यार्थिनी! दहावीला विज्ञानाच्या पेपराआधी गेटवर रडत होती. "पेपर मी बघितलाय, सोपा आहे," म्हणून आत ढकललेली. (बोर्डाचा पेपर मी कुठून बघणार!) पास झाली पोरगी.

आज अंगणातले चिकू घेऊन तिला गाठलं. कॉपीवाल्यांचे कान उपटणारा मी — हळूच म्हणालो, "माझ्या पाकिटाचं जरा बघ गं." तिने इकडेतिकडे पाहिलं. "सर, तुमी निवांत रावा. काम झालंच समजा."

घरी बायको, हंसा, म्हणाली, "एवढे मास्तर तुम्ही, लाज नाही वाटली?" वाटली. पण चिकू देऊन झाले होते.

२३ नोव्हेंबर
पट्टी सुटली! दिसतंय!! हंसाची टिकली हिरवी आहे. वर्षभर काळी समजत होतो.

काल टेबलावर जरासुद्धा दुखलं नाही. मेघालीने हात धरला होता, मी मजेत पडून. काय औषध आहे! वाह!

२ डिसेंबर
आमच्या पाम गावभर सांगून झालं. त्या औषधासाठी सात जण तयार केले. पुंडलिकलाही म्हटलं, "दुसऱ्या डोळ्याला नवं औषध माग, वेड्या!"

११ मार्च
अभ्यास संपला. औषध मिसळलेल्यांची भूल जास्त टिकली म्हणे. मी फुशारकीने विचारलं, "मग माझी?" उन्नती डॉक्टरांनी यादी पाहिली. सत्तावीस नंबर — नेहमीचं, साधं!

मला थेंबही नाही! आता त्या सात जणांना काय तोंड दाखवू?

१२ मार्च
मेघालीला जाब विचारला. "काम झालं म्हणालीस ना? पाकीट बघितलंस तरी होतंस का?"

"नाय सर. पाकीट उघडणारी सिस्टर वेगळीच." मग हसली. "तुमी तरी पेपर कुटं बघितला होता?"