धारेच्या वेळी घेतलेले मत

मी, लिओन बुशार, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा दुभत्या गाई पाळण्याचा (आता गाई उरलेल्या नाहीत), राहणार कार्विल, राज्य व्हरमाँट, असे लिहून ठेवतो की माझे गुडघे गेले असले तरी डोके जागेवर आहे, सकाळपासून कॉफीखेरीज काही घेतलेले नाही, आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे मी शेगडीत घातली. यापुढे हेच खरे धरावे.

कलम १. घर, गोठा, एकशे चाळीस एकर जमीन, मेपलची राई आणि बँकेत जे काही निघेल ते सर्व माझी एकुलती एक मुलगी ओडेट हिला मिळावे. ती सतरा वर्षांपूर्वी मिनेसोटाला गेली, ती तिकडचीच झाली. तिने हे ठेवावे, विकावे किंवा पेटवून द्यावे. अट कोणतीही नाही.

कलम २. कार्विल गावाला माझ्याकडून फुटका कंदीलही मिळू नये. या गावाला आपल्या गावसभेचा फार अभिमान. मार्चच्या पहिल्या मंगळवारी ती भरते, आणि शेतकरी हात वर करून कारभार ठरवतात हे बघायला शहरातून कॅमेरे घेऊन लोक येतात. येतात सकाळी आणि जेवणाआधी जातात, म्हणून त्यांना ती सुंदर दिसते. सकाळी बर्फ ढकलायच्या नव्या गाडीला कोणता रंग द्यावा यावर दीड तास खल होतो, कारण रंगातले सगळ्यांनाच कळते. मग चर्चमधल्या बायकांनी केलेले हॅम आणि घेवडा. मग डुलक्या. चार वाजले की गोठेवाले धारा काढायला घरी पळतात, आणि तेव्हा कुठे खरा विषय पिशवीतून बाहेर निघतो. याला आम्ही बहुमत म्हणतो. ते फक्त उशिरापर्यंत बाकावर बसू शकणाऱ्यांचे मत असते, म्हणजे पेन्शनवाले, विमा विकणारे आणि ज्यांच्या घरी वाट बघणारे जनावर नाही असे सगळे.

राज्याचे लोक याहून बरे नाहीत. पुराने आमचा पूल वाहून गेला तो निवडणूक नसलेल्या वर्षी, हा पुलाचाच दोष. पुढचे सोळा महिने आम्ही सहा मैलांचा वळसा घातला. मतदानाला पाच आठवडे उरले तेव्हा आमदार साहेब नवे कोरे बूट घालून आले आणि म्हणाले की तुमच्या यातना मला झोपू देत नाहीत. सोळा महिने छान झोपले होते. पूल झाला, आणि गावाने त्यांना पुन्हा निवडून दिले. अशा गावाला मी काय म्हणून काही द्यावे?

कलम ३. मर्टन टटल, सव्वीस वर्षे गावसभेचा सभापती, यास माझे गोठ्यातले रबरी बूट द्यावेत, आहेत तसे, न धुता. कारण पुढीलप्रमाणे.

३ मार्च १९८७ च्या सभेत गावची शाळा बंद करून मुलांना बसने शेजारच्या गावी पाठवायचा विषय होता. तेवीस मुले, दोन खोल्या आणि एक मास्तरीण, माझी ओडेट. टटलने तो विषय अठराव्या क्रमांकावर ठेवला होता. चारच्या सुमारास आम्ही अकरा गोठेवाले उठलो. मी त्याच्याजवळ जाऊन विचारले, तर साळसूदपणे म्हणाला, "जा रे लिओन, गाई काय आपली विषयपत्रिका वाचतात होय? तू येईस्तोवर मी त्याला हात लावत नाही."

मी पाच वाजून वीस मिनिटांनी याच बुटांत परत आलो. सत्तावन्न विरुद्ध चौपन्न. शाळा गेली होती. मी म्हणालो, मत पुन्हा घ्या, अकरा माणसे बाहेर होती. टटलने हातोडाही उचलला नाही. "पुढचा विषय निघाला की मागं जाता येत नाही, हा नियम तुला माहितेय. आता कुत्र्यांचा परवाना चाललाय. बस खाली." हा नियम खरा आहे. त्याने तो मोडला नाही, फक्त घड्याळाकडे बघून वापरला, आणि असल्या माणसाला आमच्याकडे अनुभवी म्हणतात.

ओडेट कोटांच्या खुंट्यांपाशी उभी होती. तिने माझा हात धरला. "पापा, तुमची काही चूक नाही," म्हणाली. जूनमध्ये ती गेली. तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो, आम्ही दोघे मिळून टटलला शिव्या घालतो, आणि मला बरे वाटते.

कलम ४. हे कलम वकीलबाई श्रीमती प्रॅट यांनी ओडेटला आधी वाचून दाखवावे, घराची किल्ली नंतर द्यावी.

ओडेट, त्या दुपारी शेजारचा रसेल कोब माझ्या शेजारी बसला होता. त्याने आपल्या गाई आदल्याच वर्षी विकल्या होत्या. तो म्हणाला, "लिओनकाका, तुम्ही थांबा, तुमच्या धारा मी काढतो." मी म्हणालो, माझ्या गाई परक्या हाताला उभ्या राहत नाहीत. ते खोटे होते. त्याच्या आदल्या हिवाळ्यात माझे मनगट मोडले तेव्हा सहा आठवडे त्यानेच धारा काढल्या होत्या. रसेल थांबायला सांगत राहिला आणि मी उठलो.

टटल शब्द पाळणार नाही हे मला माहीत होते. चाळीस सभा पाहिलेल्या माणसाला ते कळू नये इतका मी खुळा नाही. मला वाटले, शाळा गेली की तू घरी येशील आणि गोठा बघशील. हात वर करून तुझ्याविरुद्ध मत देण्याची माझ्यात धमक नव्हती, म्हणून मी धारेची वेळ साधली. टटलने निदान सगळ्यांसमोर बसून केले.

हे मी काल रसेलला वाचून दाखवले. तो म्हणाला, "काका, तुमच्या एकाही गाईनं मला लाथ मारली नव्हती. मला काय तेव्हाच कळलं नसेल?" सतरा वर्षे तो गप्प राहिला. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलबाई म्हणतात, म्हणून त्याला काही नाही.

रविवारच्या फोनवर हे सांगायला मला साधारण नऊशे रविवार मिळाले. मी तो विषय एकदाही काढला नाही. आता तू जे काय म्हणशील ते ऐकायला मी सभेत नसेन, आणि हेही मी ठरवूनच केले आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्या देखत सही केली.

(सही) लिओन बुशार

साक्षीदार:
१. (सही) रसेल कोब, कार्विल
२. (सही) एड्ना लामूर, टपाल कचेरी, कार्विल

ठिकाण: कार्विल, व्हरमाँट
दिनांक: १४ ऑक्टोबर २००४