राष्ट्रवादावर बोलायचा हक्क

२ ऑगस्ट १९९७, तीर्थपुरी
स्वातंत्र्याला पन्नास वर्षं. पंधरा ऑगस्टला शाळेत गावासमोर जाहीर व्याख्यान. विषय : राष्ट्रवाद. नागरिकशास्त्र मी शिकवतो. हेडमास्तर काकासाहेबांनी नाव वाचलं : सिराजोद्दीन. भूगोलवाला! सगळ्यांच्या आधी टाळ्या मी वाजवल्या. जळणारा माणूस टाळ्या वाजवतो का?

३ ऑगस्ट
काकासाहेबांना सहज भेटलो. म्हणाले, पुंजारामजी, तुमचं भाषण लांबतं, मागल्या वर्षी दोन पोरी चक्कर येऊन पडल्या. त्या उपाशी आल्त्या. त्यात माझा काय दोष?

५ ऑगस्ट
निश्चय : आपलं भाषण तयार ठेवायचं. पावसाळा आहे, सिराजचा घसा बसू शकतो. मुद्दा पहिला : एक भाषा, एक धर्म, एक इतिहास, म्हणून एक राष्ट्र. बायकोला वाचून दाखवलं. सत्यशीला म्हणाली, मंग तुमचे आबा निजामाच्या शाळेत उर्दू शिकले, ते कोणत्या राष्ट्रातले?
मुद्दा पहिला तात्पुरता खोडला.

८ ऑगस्ट
मुद्दा दुसरा : समोर शत्रू असला की राष्ट्र एक होतं. प्रॅक्टिकल म्हणून स्टाफरूममध्ये सिराजविरुद्ध एकी करून पाह्यली. भूगोलवाल्यानं आपल्या हद्दीत राहावं, एवढंच म्हणालो. सगळे सिराजच्याच डब्यातली खिचडी खाऊन राह्यले होते. कुणी वर पाह्यलं न्हाई. मीही दोन घास घेतले. नाइलाजानं.

१० ऑगस्ट
सिराज स्वतः घरी आला! म्हणाला, सर, विषय तुमचा आहे, जरा समजावून सांगा. माझं मन मोठं. सगळ्यांत अवघड तेवढं काढून दिलं : सार्वभौमत्व, प्रादेशिक अखंडता, स्वयंनिर्णयाचा हक्क. व्याख्यांसकट. गावात कुणाला बिलकुल कळणार न्हाई. त्याच्याच भल्यासाठी केलं. एकदा भाषण पडलं की माणूस पुन्हा या नादी लागत न्हाई.

१४ ऑगस्ट
सिराजचा घसा ठणठणीत आहे. मुद्दाम विचारून आलो.

१५ ऑगस्ट, दुपारी
झालं. सिराज उभा राह्यला आणि सुरुवातीलाच म्हणाला, आज जे बोलणार ते मला पुंजाराम सरांनी शिकवलं. टाळ्या. मला उभं राहावं लागलं.
मग म्हणाला, "स्वयंनिर्णय हा लई जड शब्द. पण अठ्ठेचाळीस साली माझ्या अब्बांना चुलत्यांनी कराचीला बोलावलं. सामान बांधून झाल्तं. अब्बा वावरात गेले, तासाभरानं परत आले अन् म्हणाले, माझी माणसं इथं हायेत, मी न्हाई जात. त्यांना कुणी अडवलं न्हाई, कुणी सांगितलं न्हाई. त्यांनी स्वतः ठरवलं. असं आपल्या मर्जीनं एकत्र राह्यचं ठरवणारी माणसं, त्यांचं राष्ट्र बनतं."
काकासाहेब चष्मा काढून डोळे पुसून राह्यले. मी पुढच्या तासाभराची तयारी करून बसलेलो, तर भाषण संपलंसुद्धा.
माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. धुळीमुळं. सत्यशीला म्हणाली, सकाळी पाऊस पडून गेला, धूळ कुठली?

१६ ऑगस्ट
काकासाहेब खूश. म्हणाले, जोडी बराबर जमली. सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन. तुम्ही शिकवा, सिराज बोलतील. आता दरवर्षी असंच. विचार करून सांगतो म्हणालो. त्यांनी नोटीस आधीच लावली होती.
घरी सत्यशीला म्हणाली, गल्लीतल्या बाया विचारत होत्या, तुमच्या सरांना इतकं येतं, मंग आजवर स्वतः असं बोलले कसे न्हाई?
संध्याकाळी सिराज आला. सत्यशीलानं चांगला कप त्याच्यापुढं ठेवला, कान तुटलेला माझ्यापुढं. मी मुक्तिसंग्राम सांगू लागलो.