धग गेली, ऊब आली

१९ ऑक्टोबर

नवी शेगडी आली! शेजारच्या एम्ब्रिकने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणली, वर घोंगडं पांघरून, नवरी आणावी तशी. उतरवता उतरवता म्हणतो, "इंगरुन, या वयात बायका नवरा बदलतात, तू शेगडी बदलतेस." म्हटलं, नवरा आधीच बदलून झाला, आता हिचीच पाळी होती.

बाबा खुर्चीतून उठले नाहीत. "जुनीचं काय करणार?" एवढंच विचारलं. गोठ्यात ठेवणार. "गंजेल तिथे." गंजू दे!

२० ऑक्टोबर

हा खटाटोप कशासाठी ते लिहून ठेवते, नाहीतर मी नुसतीच हौशी आहे असं मलाच वाटायचं. गेल्या हिवाळ्यात बाबांना दोनदा न्यूमोनिया झाला. त्यांच्या झोपायच्या खोलीत सकाळी सात अंश असायचे! १४ नोव्हेंबरला नगरपालिकेची गुन्वर घर बघायला येणार आहे. खोली उबदार नसेल किंवा त्यांना एकट्याने राहणं झेपत नाही असं तिला दिसलं, तर बाबा वृद्धनिवासात. बाबा म्हणतात, तिथे मी आडवाच जाईन. ट्रॉन्डहाइमच्या वाचनालयातली माझी रजा १५ पर्यंत. म्हणजे जे काही करायचं ते आत्ताच.

जुनी शेगडी बिडाची. तिच्या अंगातून धग सरळ निघते, उन्हासारखी. समोर बसलं की गुडघे भाजतात, पाठ गारठते, आणि मधे भिंत आली की खेळ खलास. नवीला दुहेरी अंग आहे. आतली पेटी तापते, बाहेरचा पत्रा नुसता कोमट. मधल्या फटीत खालून गार हवा शिरते, तापून वरून बाहेर पडते आणि घरभर हिंडते. दार उघडं ठेवलं की झोपायच्या खोलीतसुद्धा! जेवताना हे सगळं मी बाबांना दोन पातेली एकात एक घालून समजावलं. ते म्हणाले, "बटाटे गार होतायत."

२३ ऑक्टोबर

पेटली!! चार ठिकाणी चार थर्मामीटर टांगले. बैठकीत २१, स्वयंपाकघरात २०, जिन्याखाली १८, आणि झोपायच्या खोलीत — १७! बाहेर उणे नऊ. मी जिन्याखाली एकटीच नाचले.

शेगडीला काचेचं दार आहे. बर्चचं सरपण कसं पेटतं ते बसल्या जागी दिसतं. बाबांना म्हटलं, ज्वाळा बघा तरी! "बघतोय," म्हणाले. कौतुक म्हणून नाही.

२६ ऑक्टोबर

१८.

२९ ऑक्टोबर

बाबा रुसलेत. पूर्वी खोलीतून निघाले की तडक खुर्चीत येऊन बसायचे. आता दारातच थांबतात, चौकट धरून. काय झालं? "काही नाही." मग भिंत चाचपत चाचपत येतात, जसं काही परक्याच्या घरी आलेत. एक खुर्ची हलवलेली नाही मी, एक टेबल नाही! आज कॉफीचा मग टेबलाच्या कडेवर ठेवला आणि तो खाली आला. मुद्दाम, दुसरं काय. त्या काळ्या ठोकळ्यासाठी एवढा हट्ट.

२ नोव्हेंबर

आज भांडण झालं. मीच सुरू केलं, कबूल.

"तुम्हाला ऊब नको आहे का?"

"आहे की ऊब. सगळीकडे आहे."

"मग?"

"कुठूनच येत नाही गं ती."

अहो, हीच तर तिची खुबी आहे! मी मोठमोठ्याने पुन्हा फट, पत्रा, हवा. ते उठून खोलीत गेले. जाताना दाराच्या कडेवर खांदा आपटला. बरं झालं, असं मनात आलं. लिहायलाही लाज वाटते, पण आलं.

५ नोव्हेंबर

उणे सतरा! आणि बाबांच्या खोलीत १९!! एम्ब्रिकला बोलावून थर्मामीटर दाखवला. म्हणाला, "तुझ्या आईने तुझं बारसंसुद्धा एवढ्या थाटात केलं नव्हतं." बाबा दिवसभर पलंगावरच, रेडिओ ऐकत. खोकला मात्र पार गेला.

८ नोव्हेंबर

दुपारी राख काढायची म्हणून शेगडी विझू दिली. घर उबदारच होतं, तास-दोन तास ऊब टिकतेच. सरपण आणायला मागे गेले. परत आले तर बाबा आपणहून खुर्चीत येऊन बसलेले, तोंड शेगडीकडे. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "आज ज्वाळा छान आहेत हं, इंगरुन."

माझी समजूत काढायला म्हणाले. त्या भांडणानंतर.

शेगडी काळीठिक्कर होती. विझून दीड तास झाला होता.

मी जवळ जाऊन त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवला. "वारा नको घालूस," म्हणाले. मग मान खाली घालून, "दोन हिवाळे झाले. उजेड-अंधार कळतो. बाकी नाही."

आणि तुम्ही चालायचात कसे?

"गालावरून." डाव्या गालाला धग लागली की समोर स्वयंपाकघर. पाठीला लागली की बाहेरचं दार. दोन्ही गालांना सारखी म्हणजे खुर्ची तीन पावलांवर. "उन्हाळ्यात मी बाहेरच बसतो. म्हाताऱ्याला कोण विचारतंय, तुला दिसतं का म्हणून."

मला सांगितलं का नाहीत? "तू सांगितलं असतंस त्या नगरपालिकेवाल्यांना. तू लहानपणापासून खरं बोलतेस."

चार थर्मामीटर रोज तीनदा वाचले मी. बापाच्या तोंडाकडे एकदाही नीट बघितलं नाही.

९ नोव्हेंबर

डोळे मिटून बैठकीत चालून बघितलं. चारी बाजूंनी सारखंच उबदार. पाचव्या पावलाला टेबल लागलं.

११ नोव्हेंबर

झालं! जमलं! धुरांड्याला पलीकडून, झोपायच्या खोलीत, आजीच्या वेळचं एक भोक होतं, लिंपून टाकलेलं. परवा चटकन डोक्यात आलं. आज धुरांडी तपासणारा येऊन ते मोकळं करून गेला. नवी शेगडी तिकडे, जुनी गोठ्यातून परत आपल्या जागी. एम्ब्रिक घामाघूम. "दोन-दोन सवती नांदवायला निघालीस, बाई." त्याला वॅफल आणि जाम भरपूर खाऊ घातलं.

जुनी पेटली. मी पुन्हा डोळे मिटले. डाव्या गालाला धग — चालत सुटले — हात थेट स्वयंपाकघराच्या कडीवर! मी ओरडलेच. मागून बाबा म्हणाले, "पावलं फार जोरात टाकतेस. धगीला घाई चालत नाही." किती दिवसांनी हसले.

पण गुन्वरला सगळं सांगायचं, हे पक्कं आहे. न दिसणाऱ्या माणसाला एकटं ठेवून मी ट्रॉन्डहाइमला जाऊ शकत नाही. बाबांना तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे." त्यानंतर जेवले नाहीत.

१४ नोव्हेंबर

गुन्वर आली. झोपायच्या खोलीत २०. बाबा खोलीतून तडक चालत आले, हात आधी स्वतःच पुढे केला, तिला बसायला सांगितलं आणि आपल्या खुर्चीत बसले. गुन्वरने कागदावर लिहिलं: दृष्टी, वयाच्या मानाने उत्तम. माझ्याकडे बघून तिने विचारलं, आणखी काही सांगायचंय का? मी विचारलं, कॉफीत दूध चालेल का. ती गेल्यावर वाचनालयाला फोन करून कळवलं, की मी परत येत नाही.