खंडेनवमीचा व्हायोला

व्हिएन्ना, ५ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आप्पांस,
दैवशालाचा शि. सा. न. वि. वि. तुमचे कान अधू झाल्यापासून फोनवर आईच बोलते, म्हणून पत्र. मागच्या महिन्यात जपानात वाजवलं. व्हायोलात माझ्या तोडीचं आज कुणी न्हाई, असं तिथल्या पेपरात आलं.

एक मागणं हाय. खंडेनवमीला तुम्ही विळे, कुऱ्हाड, फाळ पूजेला मांडता. हरिओमदादाच्या खताच्या दुकानाचा कॅल्क्युलेटरसुद्धा मांडता. मी पुण्याला शिकायचे तेव्हा माझा व्हायोला ठेवला, तर तुम्ही खेळणं म्हणून उचलला. तो अजून माळ्यावर हाय. यंदा मांडा.
तुमची, दैवशाला

तीर्थपुरी, २५ ऑगस्ट २०२५

चि. दैवशालास आशीर्वाद.
पत्र पोचलं. पोळा झाला. खांदमळणीला बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळली. कपाशी बरी हाय.

पूजेला कामाची वस्तू बसती, जिच्यानं अंगाला घट्टे पडतेत ती. कॅल्क्युलेटर तुझ्या आईनं घुसवला, मी त्यात न्हाई. माऊली बँडवाल्याला विचारलं, व्हायोला म्हंजी काय. म्हणला, व्हायोलिनचा थोरला भाऊ, पण लग्नात कुणी मागत न्हाई. पेपरातलं ऱ्हाऊ दे. तुला घट्टे हायत का, ते कळव.
लोभ हाय तेवढा हाय. आप्पा

व्हिएन्ना, ८ सप्टेंबर २०२५

ती. आप्पांस सा. न.
घट्टे हायत. डाव्या हाताच्या चारी बोटांच्या शेंड्यांना. मानेला डावीकडं काळा वण हाय, बैलाला जू घासून पडतो तसा. आईला फोटोत तो भाजल्याचा वाटला होता. खांदा इतका दुखतो की त्या कुशीवर झोपता येत न्हाई.

नवमीला लंडनला कार्यक्रम हाय, येणं जमणार न्हाई. जगभर टाळ्या मिळतेत आप्पा, पण हे काम हाय, एवढं तुमच्याकडून पाहिजे. यंदा न्हाई मांडला तर पुन्हा मागणार न्हाई.
आईला जपा, स्वतःलाही. दैवशाला

तीर्थपुरी, ३ ऑक्टोबर २०२५

चि. दैवशालास आशीर्वाद.
वणाचं वाचून मी जेवाया उठलो न्हाई. तुझ्या आईनं विचारलं तर कान दुखतोय म्हणलो. मंग माळ्यावरून व्हायोला काढला. रीतीप्रमाणं सगळी अवजारं हौदावर धुतली, त्यालाबी काथ्यानं घासून धुतलं आन उन्हात ठेवलं. दुपारी त्याचं पोट पाठीपासून सुटलं, मान येगळी झाली. सोमेश्वर सुतार म्हणला, सरसानं चिकटवल्यालं व्हतं, पाण्यानं सुटलं. हे तू आधी कळवायला पाहिजे व्हतं.

तिन्ही तुकडे मांडले. फाळाशेजारी, कुऱ्हाडीच्या पुढं. हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. हरिओम म्हणला, मोडकी वस्तू पूजेला चालत न्हाई. त्याचा कॅल्क्युलेटर मी मागं सरकवला.

सोमेश्वर जोडून देतो म्हणतोय. म्या हात लावू दिला न्हाई, तुझ्यासमोर जोडू. खांदमळणीचं तूप उरलं व्हतं, ते डबीत भरून पोस्टात नेलं. ते म्हणले, तूप बाहेरदेशी जात न्हाई.

मंग खांदा इकडं आण.
आप्पा