सोनचिखल्याची वही

मसाट, सिल्वासा
४ मे

प्रिय मृणाल,

तुझा निरोप मिळाला. वही आठ तारखेच्या आत पाठव, शेवटच्या पानावर सही कर, तुझ्या नोंदी माझ्या प्रबंधात तुझ्याच नावाने जातील, असं तू लिहिलंस. वही सोबत पाठवतो आहे. तू सांगितलेल्या जागी सही मात्र केलेली नाही. का केली नाही ते फोनवर लिहायला बसलो, पण जमलं नाही. तिथे दोन निळ्या खुणा उमटल्या की तू वाचलंस हे मला कळतं, आणि त्यापुढची वाट बघणं मला सोसत नाही. म्हणून पत्र. एकदा कच्चं लिहिलं, हे पक्कं आहे. क्रमाने सांगू दे, नाहीतर मी गोंधळतो.

तू शाळेची नोकरी सोडून डिसेंबरात प्रबंधासाठी नाशिकला गेलीस, तेव्हापासून आमच्या डोक्यावरची तुझी खोली रिकामीच आहे. वर खुर्ची सरकल्याचा आवाज येत नाही याची अजून सवय झालेली नाही. अभिजीत आणि मी त्याच खोलीत आहोत, पण त्याची रात्रपाळी आणि माझी दिवसपाळी. महिनाभरात आमची धड भेट नाही. साबण ओला असला की तो नुकताच गेला असं समजायचं. मागच्या आठवड्यात त्याने कागदावर ‘दूध संपलं’ असं लिहून ठेवलं होतं. मी त्याखाली ‘आणलं’ लिहिलं. कारखान्यात तर यंत्रांच्या आवाजात बोलायची सोयच नाही. माझं काम तपासनिसाचं: सुताची बॉबिन दिव्याखाली धरायची, फिरवायची, डाग दिसला तर बाजूला ठेवायची. दिवसभरात मी तोंडाने किती शब्द बोलतो ते एकदा बोटांवर मोजत होतो. चहावाल्याला सांगितलेले धरूनही बोटं उरली.

खेरडीला आपण पहिल्यांदा गेलो तो नोव्हेंबरातला रविवार तुला आठवतो का? भात कापलेलं शेत, कडेला तळं, आणि बांधाजवळ तो पक्षी एकटा उभा होता. मी ठामपणे म्हणालो, टिटवीचं पिल्लू. तू इतकी हसलीस की तो दहा पावलं लांब पळाला. “इन्स्पेक्टर, टिटवीचे पाय पिवळे असतात, याचे बघा!” आणि मग मला दुर्बीण देऊन म्हणालीस, घाई करायची नाही, तो पंख वर करेपर्यंत थांबायचं. काख काळी निघाली तर करडा चिखल्या, मळकट निघाली तर सोनचिखल्या. त्या दिवशी त्याने पंख काही वर केले नाहीत. तू गेल्यावर मी पाळी सुटली की रोज सायकलने जात राहिलो. अकराव्या दिवशी त्याने आळस दिल्यासारखे दोन्ही पंख ताणले. काख मळकट होती. पाठीवरचे पिवळे ठिपके उन्हात सोन्याच्या कणांसारखे दिसत होते. मी शेतातूनच तुला फोन केला आणि तू वर्गात असल्यासारखी ओरडलीस, “शाब्बास!” मला शाळेत हा शब्द कधी मिळाला नव्हता, आणि अकरावीनंतर तर शाळाच सुटली.

पुढची पानं तू वाचशीलच. चार पावलं पळायचं, थबकायचं, मान तिरकी करून मातीकडे बघायचं आणि टोच मारायची. बांध ते तळं एवढा तुकडा त्याचा. जानेवारीत आणखी दोघं उतरले तेव्हा मान खाली घालून तो त्यांच्या अंगावर धावून गेला. मी रोज वही घेऊन उभा, म्हणून एका काकांनी विचारलं, “भाई, प्लॉट जोवा आव्या छो?” म्हणजे प्लॉट बघायला आलात का. शेजारच्या गोडाऊनचा वॉचमन तर रोज म्हणायचा, “आज कितनी मुर्गी हुई?” तू कळवलं होतंस की हे पक्षी टुंड्रात जन्मतात, जिथे झाडसुद्धा उगवत नाही. आईबाप आधी निघून जातात आणि पिल्लं काही आठवड्यांनी आपली आपण निघतात, वाट दाखवायला कोणी नसतं. मला जळगावहून इथे येताना मामाने तीन गाड्या कागदावर लिहून दिल्या होत्या, तरी मी सुरतेत चुकीच्या बसमध्ये बसलो होतो.

दर रविवारी मी तुला आठवड्याच्या नोंदी पाठवायचो आणि दर रविवारी संध्याकाळी तुझं उत्तर यायचं. एप्रिलमध्ये उत्तरं लांब होत गेली. परत निघायच्या आधी त्याचं पोट काळं होतं, म्हणून छातीवर काळे ठिपके दिसू लागल्याचं मी लिहिलं तेव्हा तू चार वेळा प्रश्न विचारलेस. पोट पूर्ण काळं झाल्याचं लिहिलं तेव्हा तू फोनच केलास, आपण बावीस मिनिटं बोललो. सत्तावीस एप्रिल, संध्याकाळी सव्वासहा, उत्तरेकडे उडाला, ही नोंद तुझ्या प्रबंधाच्या सरांनी मोठ्याने वाचून दाखवली असं तू सांगितलंस. त्या रात्री मी जेवलो नाही.

आमच्याकडे सदाशिवभाऊ आहेत, तापमानाची नोंद ठेवणारे. दर तासाला यंत्रापाशी जाऊन आकडा बघायचा असतो. ते खुर्चीत बसून, चहा पीत, आठ तासांचे आकडे एकदम भरतात. त्याला आम्ही खुर्चीतली रीडिंग म्हणतो. मी एकदा त्यांना टोकलं तर म्हणाले, “वाल्मिक, तू लई हरिश्चंद्र रे! यंत्र चालू आहे ना? मग आकडा तोच येणार.” मी सहा महिने त्यांच्याशी नीट बोललो नाही.

मृणाल, तेवीस मार्चच्या रविवारी मी खेरडीला पोचलो तेव्हा शेतात मुरूम टाकून सगळं सपाट केलेलं होतं. तळ्याच्या काठाने दोनदा फिरलो, पलीकडच्या शेतांत गेलो, सोमवारी-मंगळवारी पुन्हा जाऊन पाहिलं. तो नव्हता. उडून गेला, की त्याचं काही झालं, मला माहीत नाही. काळे ठिपके मी पाहिले नाहीत. काळं पोट मी तू दिलेल्या पुस्तकातल्या चित्रावरून लिहिलं, दर आठवड्याला थोडं वाढवत. पक्षी नाही म्हटलं असतं तर रविवारी तू उत्तर कशाला देणार होतीस, एवढंच डोक्यात होतं. ती पानं मी फाडलेली नाहीत. प्रत्येकावर एक आडवी रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी, ‘रद्द’ लिहिलं आहे आणि शेजारी सही केली आहे. बावीस मार्चपर्यंतची प्रत्येक ओळ खरी आहे, ती डोळे मिटून घे. माझं नाव काढायचं असेल तर काढ. तेवीस मार्चची जागा मी कोरी ठेवली होती, तिथे आज लिहिलं आहे, जे तेव्हाच लिहायला हवं होतं: शेत बुजवलं. पक्षी दिसला नाही. मला इथे करमत नाही.

तुझाच,
वाल्मिक