खालची गार खोली

२७ एप्रिल, रविवार

आलो बाई एकदाचे! नाशिकहून बदलीचा कागद आला तेव्हापासून घरच्यांनी डोकं खाल्लं होतं. नागपूर म्हणजे भट्टी, चार वर्षांच्या पोरीला घेऊन एकटी कशी राहशील, एक ना दोन. आता या म्हणावं आणि बघा. नंदनवन भागात तळमजल्यावरची ऐसपैस खोली, मागे मोरी, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब.

घर शोधताना मात्र जीव मेटाकुटीला आला. जिथे जावं तिथे नवरा कुठाय हाच प्रश्न, आणि उत्तर ऐकलं की दार बंद. इथल्या घरमालकीण इंदुताईंनी तो विचारलाच नाही. त्यांनी खुशीला पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "पोरगी आहे ना संगं? मंग तं बरंच झालं वं," म्हणाल्या. वरच्या मजल्यावर त्या, त्यांचे यजमान चंपतराव आणि नात मिनल राहतात. मिनल खुशीच्याच वयाची, पण पांढरीफटक पडलेली, हातापायांवर खाजवल्याचे ओरखडे. बिचारीला घामोळं झालेलं दिसतंय.

खिडकीत कूलर आयताच बसवलेला, वाळ्याच्या ताट्याही नव्या कोऱ्या. पाणी भरायचं काम इंदुताईंनी स्वतःकडे घेतलंय. कूलर दिवसरात्र चालू ठेवायचा, बंद करायचा नाही, एवढीच त्यांची अट. असल्या अटी मला जन्मभर कुणीही घालाव्यात!

४ मे, रविवार

आठवडाभर ऑफिसात रांगणाऱ्या पोरासारखी वागणूक मिळाली. पुण्या-नाशिकच्या लोकांना ऊन सोसत नाही म्हणून सगळे हसतात. हसू देत. शेजारच्या टेबलावरची देवकी तेवढी बरी आहे, डबा वाटून खाते.

दिवसभर खुशीला इंदुताई सांभाळतात. दुपारी मात्र तिला वर न नेता आमच्याच खोलीत निजवतात आणि स्वतः वर जातात. वर फार गरम होतं, पोरीला गारव्यात झोपू द्यावं, असं त्यांचं म्हणणं. मिनललाही खाली आणा म्हटलं तर विषय बदलला. खुशीच्या दंडावर गांधी उठल्यात. डास असतील म्हणून मलम लावलं.

८ मे, गुरुवार

डास नव्हेत, ढेकूण. गादी उलटली तर शिवणीच्या कडेकडेनं काळे ठिपके, आणि तो वास! मला शिसारी आली.

वर जाऊन सांगितलं, तर वाक्य पुरं व्हायच्या आत इंदुताई माझ्यावरच उखडल्या. त्यांच्या घरात आजवर ढेकूण नव्हता, मीच नाशिकहून गादीत बांधून आणला म्हणे. चंपतराव पेपरमागून बाहेर आलेच नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पण चार शब्द सुनावले.

परत येताना मिनल जिन्यात दिसली. गाल गुलाबी, हात स्वच्छ, उड्या मारत होती.

११ मे, रविवार

दुर्गेश नावाचा माणूस घर बघायला आला होता. त्याची कंपनी औषध न फवारता उष्णतेनं ढेकूण मारते. मोठाले हीटर आणि पंखे लावून घर काही तास पन्नास अंशांच्या वर तापवायचं. ढेकणांसकट अंडीही मरतात. अंगणात उभा राहून तो चंपतरावांना ऐटीत सांगत होता आणि मी खिडकीतून ऐकत होते. त्याचं म्हणणं, पूर्ण घर एकदम तापवायला हवं, कारण ढेकूण लगेच मरत नाही, गरम लागलं की चालू लागतो आणि गारवा असेल तिकडे जातो. आत माणूस तर सोडाच, कुंडीतलं झाडसुद्धा ठेवायचं नाही.

चंपतरावांनी त्याला सांगितलं की फक्त वरचा मजला करा. खाली कोणी राहत नाही, अडगळ आहे.

मी अडगळ! बाहेर जाऊन भांडणार होते. पण तेवढ्यात खुशी रडत उठली. तिच्या मानेवर, पोटावर, पापणीवरसुद्धा गांधी.

१५ मे, गुरुवार

समोरच्या गोपिकाबाई आजवर माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. आज फाटकाशी गाठून म्हणाल्या, "निघून जा वं बाई. ते लेकराशिवाय खोली देतच नाही कोणाले." ढेकूण त्या घरात कित्येक वर्षांचे आहेत. त्यांना लहान पोरं आवडतात. खाली पोर असलं की ते वरचं पोर सोडतात. आधीच्या भाडेकरणीचा मुलगाही असाच सुकत गेला. पुढे त्याचं काय झालं ते विचारलं तर त्यांनी फाटक लावून घेतलं.

मला भीती वाटते आहे. रविवारी जायचं. देवकी तिच्याकडे ठेवून घेणार आहे.

१८ मे, रविवार

बॅगा भरल्या. देवकी लग्नाला गेली आहे, संध्याकाळी रिक्षा घेऊन येईल. सकाळी इंदुताईंनी माझा फोन मागून नेला. त्यांचा बंद पडलाय म्हणाल्या. मी दिला. मूर्ख मी!

फाटकात कंपनीचा टेम्पो, जनरेटर धडधडतोय. खाली आम्ही राहतो हे दुर्गेशला सांगायला निघाले, तर दार उघडेना. बाहेरून कडी.

घसा फुटेस्तोवर ओरडले. इंदुताई दारापाशी आल्या. चार घंट्यांचंच काम आहे म्हणाल्या, कूलर चालू ठेव, पोरीले निजव. नातीसाठी करून राहिली म्हणाल्या. रडत होत्या. रडत होत्या आणि कडी काढत नव्हत्या.

दुपार

रस्त्यावर चिटपाखरू नाही. जनरेटरच्या धडधडीत हाका कोण ऐकणार.

छताच्या कडेनं तपकिरी रेघ आली आहे. ओल वाटली. ओल नाही. रेघ खाली सरकते आहे — चारी भिंतींवरून — कूलरच्या खिडकीकडे. गारव्याकडे. पलंग खिडकीखालीच आहे.

मग गारवाच नको. कूलर बंद केला. खिडकीत गोधडी कोंबली. तापू दे खोली.

थांबले! भिंतीवरच थांबले —

नंतर

फार तापलं. खुशी पाणी मागते. अंग लालबुंद. ओला पंचा गुंडाळला, सारखा भिजवते आहे. कूलर परत लावला — लाईट नाही. वरचा जनरेटर चालूच.

भिंतीला हात लागत नाही. फरशीही तापली.

ते पुन्हा निघालेत. खिडकीकडे नाही. मोरीकडेही नाही. माझ्या पायांवरून — चावतही नाहीत — नुसते वर — पलंगावर —

मला सोडून तिच्याकडे का —

पंचा. या खोलीत आता गार असं काही उरलं नाही, एक तीच — मीच तिला मघापासून गार करून —