तुम्ही मला विचारलं नाहीत तो कॅच

अण्णा, मी हल्ली अमेरिकन फुटबॉलचे झेल तपासते. हसू नका. जे. पी. नगरमधल्या ऑफिसात बसून तिकडच्या व्यावसायिक सामन्यांचे व्हिडिओ पुढेमागे करायचे आणि वाद झालेल्या झेलावर पंचांनी काय ठरवलं नि का, ते लिहायचं, याचा मला पगार मिळतो. नाव फुटबॉल, पण चेंडू लांबट आणि बहुतेक कारभार हातांचा. पडता पडता झेल घेतला, तर अंग जमिनीवर आपटल्यावरही चेंडू ताब्यात राहायला हवा. सगळी भांडणं तिथेच.

तुमच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये रविवारच्या क्रिकेटला वेगळाच कायदा होता. झेल संशयाचा असला की पंच झेल घेणाऱ्यालाच विचारायचा, "घेतलास?" आणि तो म्हणेल ते खरं. पंच कायम तुम्ही. पोरांत मी एकटी मुलगी. त्या दिवशी पुढे सूर मारून मी जमिनीलगत चेंडू टिपला, कोपर सोलून निघालं, आणि तुम्ही थेट मान हलवलीत. नॉट आऊट. सगळ्यांना विचारणारे तुम्ही, मला विचारलं नाहीत. घरी स्वयंपाकघरात कोपराला हळद लावताना म्हणालात, "विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?" मी म्हटलं, "घेतला." "म्हणूनच नाही विचारलं." एवढं बोलून तुम्ही भात वाढून घेतलात. बापाला आपण खोटारडी वाटतो, हे मी तेव्हापासून मनात धरून बसले. तुम्ही गेलात तेव्हाही ते तसंच होतं.

गेल्या सोमवारी एक झेल समोर आला. खेळाडू पडतो, उठतो, चेंडू उंच धरून छातीठोकपणे सांगतो, घेतला. शेजारचा बेळगावचा सहकारी म्हणाला, "घेतलाय की ओ अक्का! ते तोंड खोटं बोलतंय व्हय? बरं, स्वल्प मागं घ्या." मागे घेतलं. दुसऱ्या कॅमेऱ्यात चेंडू गवताला टेकून हातातून सुटतो, परत हातात येतो, आणि नेमके तेव्हाच त्या गड्याचे डोळे गच्च मिटलेले. तो खोटं बोलतच नव्हता. त्याला माहीत नव्हतं. पडणाऱ्याला कळत नाही, अण्णा! मी अगदी मनापासून "घेतला" म्हटलं असतं, तुम्हाला बोट वर करावं लागलं असतं, आणि पंचाची पोरगी खोटं बोलली, अशी कुजबुज कॉलनीभर झाली असती. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? त्यापेक्षा माझा राग तुम्ही स्वतःवर ओढवून घेतलात. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! मी एकटीच हसायला लागले. "काय झालं अक्का?" "काही नाही, सरी, ठीक आहे, पुढचा लाव," त्याच्याच कानडीच्या वळणाने म्हटलं आणि डोळे पुसले.

हे पाठवायला पत्ता नाही ते एका परीने बरंच, नाहीतर पुढचं लिहायची हिंमत झाली नसती. तुमचं सगळं पटलं, अण्णा. पण तो कॅच होता.